थंडीत बोटं पांढरी पडतात, मग निळी, मग ठणका लागतो: काय करावं आणि कधी तपासून घ्यावं

तुमचा प्रश्न दोनदा वाचला, आणि खरं सांगते, इतकं नीट लिहिलंय की निम्मं निदान तुम्हीच करून दिलंय. नंतर वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगते. वय ३१, रोज सकाळी सातच्या सुमारास वारज्याहून हिंजवडीला स्कूटरने जाणं, नोव्हेंबर संपला की हायवेवरच बोटं सुन्न व्हायला लागतात, ऑफिसात पोचून ग्लोव्हज काढले की मधलं बोट आणि अनामिका मधल्या पेरापासून पुढे पांढरीफटक, मग निळसर, मग लालबुंद, आणि लाल होताना असा ठणका की कीबोर्डवर बोट टेकवत नाही. दोन्ही हातांना होतं, चार-पाच हिवाळे झाले, आता ऑफिसच्या एसीतही होतं. आई म्हणते अंगात रक्त कमी आहे, मैत्रीण म्हणते सर्क्युलेशन वीक आहे, मेडिकलवाल्याने 'सर्क्युलेशनची गोळी' काढून दिली, ती तुम्ही अजून घेतलेली नाही (बरं केलंत). घरी कढत पाण्यात हात बुडवले तर उलट जास्त दुखतं. आणि पुढच्या वर्षी बाळाचा विचार आहे म्हणून ही काळजी जास्त वाटतेय.

मी पुण्यातच फॅमिली डॉक्टर आहे, बरीच वर्षं प्रॅक्टिस करते, आणि डिसेंबर लागला की अशी बोटं दाखवायला कोणी ना कोणी येतंच. हात प्रत्यक्ष बघितल्याशिवाय पक्कं निदान करता येत नाही, ते मी करणारही नाही. पण हे बहुधा रेनॉड (थंडीत बोटांच्या रक्तवाहिन्या गरजेपेक्षा जास्त आकसणं) असावं, आणि यात काय चाललंय, त्याचा विचार कसा करायचा आणि उद्या सकाळपासून काय बदलायचं हे नक्की सांगू शकते.

तुम्ही विचारताय की गार पडलेले हात गरम कसे करू. माझ्या मते प्रश्न जरा आधीच्या टप्प्यावर विचारायला हवा. बोटं गार पडतात कारण शरीर तिकडचं रक्त स्वतःहून कमी करतं, आणि एकदा का बोटांतल्या रक्तवाहिन्या मिटल्या की बाहेरून कितीही शेका, पूर्ण उघडायला पंधरा-वीस मिनिटं जातातच. म्हणून मेहनत करायची ती बोटं पांढरी पडण्याचा अटॅक यायच्या आधी, आणि तीही फक्त बोटांवर नाही, छाती, पोट, मान आणि मनगटं यांच्यावर. माझ्याकडे येणाऱ्या बहुतेकांनी महागातले ग्लोव्हज घेतलेले असतात आणि आत अंगात नुसता एक कॉटनचा कुर्ता असतो, तिथेच सगळं अडतं.

आता हे होतं कसं ते बघा. शरीराला हृदय, मेंदू, लिव्हर वगैरे मुख्य अवयव ३७ अंशांच्या आसपास ठेवायचे असतात. बोटं, तळहात, तळपाय, नाक, कान ही आपली उष्णता बाहेर टाकायची ठिकाणं आहेत, तिथे धमनी आणि शीर थेट जोडणाऱ्या खास बारीक वाहिन्या असतात, उन्हाळ्यात त्या सताड उघड्या आणि थंडीत बंद. धरणात पाणी कमी असलं की महापालिका जशी आधी टोकाच्या भागांचा पुरवठा कमी करते तसंच हे, पाणी संपलेलं नसतं पण मधल्या भागासाठी राखून ठेवायचं असतं. हे सगळ्यांच्याच शरीरात होतं. तुमच्यात फरक इतकाच की ही प्रतिक्रिया गरजेपेक्षा फार जोरात होते, बोटांच्या बारीक धमन्या नुसत्या आकसत नाहीत तर जवळजवळ पूर्ण मिटतात. रक्त पोचत नाही म्हणून बोट पांढरं. मग आत अडकलेल्या थोड्या रक्तातला ऑक्सिजन संपतो म्हणून निळं. आणि वाहिन्या उघडल्या की रक्त एकदम धावून येतं म्हणून लाल, आणि ठणका बहुतेक याच वेळी. म्हणजे तुम्हाला जे सगळ्यात जास्त दुखतं तो बोट परत सुरळीत होण्याचा टप्पा आहे, हे लक्षात ठेवलं तरी निम्मी भीती जाते.

याला रेनॉड म्हणतात, मॉरिस रेनॉ नावाच्या फ्रेंच डॉक्टरांनी १८६२ साली आपल्या प्रबंधात हे मांडलं त्यावरून. म्हणजे अगदी जुनी, ओळखीची गोष्ट आहे, तुमच्या एकटीच्याच बाबतीत काहीतरी विचित्र चाललंय असं समजू नका.

'पुण्यात एवढी कुठे थंडी असते' हे तुम्हालाही ऐकावं लागतं असं लिहिलंय. अशा बोलण्याकडे दुर्लक्ष करा. या त्रासाला बर्फ लागत नाही, तापमान पटकन खाली आलं की पुरतं, म्हणून तर एसीत, फ्रीजमधून भाजी काढताना, सुपरमार्केटच्या फ्रोझन सेक्शनपाशी उभं राहूनही होतं. आणि पुण्याचा हिवाळा याबाबतीत जरा फसवाच आहे, पहाटे पाषाण-एनडीए बाजूला पारा ८-१० अंशांवर आलेला असतो आणि त्याच दिवशी दुपारी २८-३०. दुपारच्या हिशोबाने आपण कपडे घालतो आणि सकाळचा गारठा अंगावर घेतो. घरंही उन्हाळा डोक्यात ठेवून बांधलेली, गार फरशी, खिडक्यांच्या फटी, हीटर कोणाकडे नाही. त्यात तुम्ही जाता चांदणी चौक ओलांडून पाषाण-बाणेरच्या उघड्या पट्ट्यातून, स्कूटरवर, नेमकं सूर्य वर येत असताना. हवा १० अंश असली आणि तुम्ही ताशी ४० च्या वेगाने जात असलात तर उघड्या कातडीला ते साधारण ६ अंशांसारखं लागतं. त्यामुळे बसने जाणाऱ्या मैत्रिणीला काही होत नाही आणि तुम्हाला होतं यात नाजूकपणाचा काही संबंध नाही.

आता 'गंभीर आहे का' हा भाग. रेनॉड दोन प्रकारचं असतं आणि सगळं याच फरकावर अवलंबून आहे. एक प्रायमरी, म्हणजे मागे दुसरा कुठला आजार नाही, फक्त वाहिन्यांचा स्वभाव तसा. हा बहुतेक तरुण वयात सुरू होतो, बायकांमध्ये जास्त, दोन्ही हातांना साधारण सारखा, अंगठा बऱ्याचदा सुटतो, घरात आई-मावशीला कोणाला तरी असतो, आणि बोटांवर जखमा होत नाहीत. त्रास होतो पण बोटाचं कायमचं नुकसान होत नाही. दुसरा सेकंडरी, म्हणजे मागे काहीतरी आहे: स्क्लेरोडर्मा (कातडी कडक होत जाणारा आजार), ल्यूपस (शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःवरच उलटते तो आजार), संधिवाताचे काही प्रकार, थायरॉईड कमी असणं, काही औषधं, तंबाखू, किंवा थरथरणाऱ्या मशीनवरचं काम. तुमचं वर्णन पहिल्या प्रकाराकडे झुकतंय, दोन्ही हात, सव्विशी-सत्ताविशीतली सुरुवात, जखमा नाहीत. पण झुकतंय म्हणजे ठरलं असं नाही.

कारण अजून काही गोष्टी तुम्ही लिहिल्या नाहीत आणि त्यांनी चित्र बदलू शकतं. स्वतःला विचारून बघा: सकाळी उठल्यावर बोटं सुजल्यासारखी होतात का, अंगठी अडकते का? बोटांची किंवा तोंडाभोवतीची कातडी ताणल्यासारखी, चकचकीत वाटते का? सांधे दुखतात आणि सकाळी तासभर आखडलेले राहतात? गालांवर उन्हाने लाल चट्टा येतो, तोंडात वारंवार अल्सर, केस मूठमूठ गळणं? घास अडकतो, सतत जळजळ होते? डोळे-तोंड कोरडं पडतं? वजन वाढणं, सुस्ती, बद्धकोष्ठता, पाळीत गडबड? यातलं एखादं असलं की लगेच मोठा आजार आहे असं नाही, पण मग तपासणी पुढे ढकलू नका. आणि पुढची गोष्ट मात्र सगळ्यांनीच लक्षात ठेवा: एकच बोट किंवा एकच हात अचानक पांढरा किंवा निळा पडला, खूप दुखतोय आणि गरम करूनही रंग परत येत नाही, किंवा बोटाच्या टोकाला जखम, काळा डाग, पू दिसतोय, तर त्याच दिवशी हॉस्पिटल गाठायचं, सकाळपर्यंत थांबायचं नाही.

माझ्याकडे असा पेशंट आला की मी काय करते ते सांगते, म्हणजे तुमच्या डॉक्टरांनी काय करावं याची कल्पना येईल. आधी हात हातात घेऊन दोन्ही मनगटांची नाडी बघते. मग मूठ घट्ट आवळायला सांगून मनगटाच्या दोन्ही धमन्या अंगठ्याने दाबून धरते, मूठ उघडली की तळहात फिकट दिसतो, मग एक धमनी सोडते आणि तळहाताला किती सेकंदांत गुलाबीपणा येतो ते बघते, मग तेच दुसऱ्या धमनीचं. मोठ्या वाहिन्या मोकळ्या आहेत की नाही ते यातून कळतं. त्यानंतर माझ्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचं, नखाच्या मुळाशी जिथे कातडीची कड संपते तिथे तेलाचा एक थेंब टाकायचा आणि डर्मोस्कोप (कातडी मोठी करून दाखवणारं भिंग) टेकवून बघायचं. तिथल्या केशवाहिन्या, म्हणजे केसासारख्या बारीक रक्तवाहिन्या, आडव्या पडलेल्या असतात, त्यामुळे दिसतात. एकसारख्या बारीक वळशांची सरळ ओळ दिसली की मला हायसं वाटतं. काही वळसे फुगलेले, मध्ये मोकळ्या जागा आणि रक्ताचे बारीक ठिपके दिसले तर मी रूमॅटॉलॉजिस्टकडे (संधिवात आणि अशा आजारांच्या तज्ज्ञांकडे) पाठवते, पेशंटला कितीही बरं वाटत असलं तरी. पाच मिनिटांचं काम आहे, दुखत नाही. म्हणून एक विनंती, जाताना नखांना नेलपॉलिश नको आणि आदल्या आठवड्यात नखांच्या कडेची कातडी कुरतडू नका किंवा मॅनिक्युअर करू नका, नाहीतर काही दिसत नाही.

ब्लड टेस्टमध्ये मी सहसा सीबीसी (हिमोग्लोबिन आणि रक्तपेशी), ईएसआर (अंगात कुठे दाह आहे का), टीएसएच (थायरॉईड), शुगर आणि एएनए (प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटतेय का ते बघणारी टेस्ट) एवढं सांगते, शाकाहारी असाल तर बी-१२. एएनए बद्दल आधीच सांगून ठेवते, तो कमी प्रमाणात पॉझिटिव्ह अगदी धडधाकट माणसातही येतो, त्यामुळे रिपोर्ट हातात आला की नेटवर शोधून रात्र जागवू नका, तो लक्षणं आणि नखांच्या तपासणीबरोबरच वाचायचा असतो.

आईचं म्हणणंही वाऱ्यावर सोडायचं नाही. आपल्याकडे ॲनिमिया खूप आहे, २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांमध्ये तो सापडला होता. हिमोग्लोबिन कमी असलं की थंडी जास्त वाजते, हात गार राहतात, धाप लागते, आणि ते सुधारलं की गारवा सहन होतो. पण नुसत्या ॲनिमियाने बोट एका ठरावीक रेषेपासून पुढे पांढरंफटक पडत नाही. त्यामुळे हिमोग्लोबिन तपासा, कमी असलं तर लोहाच्या गोळ्या घ्या, बाळाचा विचार आहे तर ते तसंही आधीच व्हायला हवं, फक्त त्याने हा त्रास पूर्ण जाईल असं धरून बसू नका.

गार आणि दुखरं बोट म्हणजे दरवेळी रेनॉडच असतं असंही नाही, म्हणून वाचणाऱ्या इतरांसाठी दोन गोष्टी. रात्री झोपेतून हाताला मुंग्या येऊन जाग येते, हात झटकला की बरं वाटतं, अंगठा-तर्जनी-मधलं बोट सुन्न आणि करंगळी ठीक, तर ती मनगटातली नस दबल्याची खूण असते, कार्पल टनेल म्हणतात, त्याचा इलाज वेगळा. दुसरं म्हणजे गारव्यातून आल्यावर काही तासांनी बोटांवर लालसर-जांभळे, खाज येणारे, सुजरे फोड, जे दिवसेंदिवस राहतात. त्याला चिलब्लेन्स म्हणतात. माझ्याकडे मार्केट यार्डात पालेभाजी विकणाऱ्या एक मावशी येत, पहाटेपासून कोथिंबीर-मेथीच्या ओल्या जुड्या हाताळून त्यांची बोटं अशी व्हायची की पैसे मोजताना नोटा हातातून निसटायच्या. त्या रोज दुकानासमोर पेटवलेल्या शेकोटीवर हात धरायच्या आणि फोड वाढायचे. शेकोटी बंद केली, रबरी ग्लोव्हजच्या आत सुती हातमोजे घालायला लावले आणि थोडं मलम दिलं, तेवढ्यावर खूप फरक पडला. थंडीपेक्षा ओलावा आणि मग एकदम उष्णता, हे दोन्ही मिळून घात करतात.

औषधांची यादी एकदा काढा, ही गोष्ट फार लोकांच्या लक्षात येत नाही. मायग्रेनसाठी किंवा धडधड-घाबरण्यासाठी प्रोप्रॅनोलॉल चालू आहे का? बीपीसाठी ॲटेनोलॉल, मेटोप्रोलॉल? ही सगळी औषधं बोटं गार करू शकतात. मायग्रेनच्या अटॅकला घ्यायच्या अर्गोटामीन किंवा सुमाट्रिप्टानच्या गोळ्या वाहिन्या आकसवतात. सर्दीसाठी आपण मेडिकलमधून सहज आणतो त्यातल्या बऱ्याच गोळ्यांमध्ये फिनाइलेफ्रिन असतं, ते नाकातल्या वाहिन्या आकसवून नाक मोकळं करतं आणि तेच बोटांतही करतं, आणि सर्दी नेमकी थंडीतच होते. पण यातलं रोजचं औषध मनाने बंद करायचं नाही, प्रोप्रॅनोलॉलसारखी औषधं तर अचानक थांबवणं धोक्याचं असतं, डॉक्टरांशी बोलून बदलायची.

आणि तंबाखू. तुम्ही सिगरेट ओढत नाही असं लिहिलंय, ठीक. पण माझ्याकडे येणाऱ्या कितीतरी बायका 'मी व्यसन करत नाही' म्हणतात आणि सकाळ-संध्याकाळ मिश्री लावतात, कारण ते दात घासणं वाटतं. मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच, त्यातलं निकोटीन हिरडीतून थेट रक्तात जातं. बिडी, गुटखा, मिश्री चालू असताना बोटांवर कुठलाही इलाज नीट लागत नाही. पुरुषांमध्ये तंबाखूमुळे होणारा बर्जर्स डिसीज म्हणून वेगळा आजार आहे, त्यात हातापायाच्या वाहिन्या खरोखर बुजतात आणि बोटं कापायची वेळ येते, आणि त्याचा एकच खरा उपाय आहे, तंबाखू पूर्ण बंद. भोसरी-चाकणच्या कारखान्यांत ग्राइंडर, ड्रिल चालवणाऱ्यांनाही हा त्रास होतो, थरथरीने. १९१८ साली अमेरिकेत डॉक्टर ॲलिस हॅमिल्टन यांनी हवेच्या दाबावर चालणारी हत्यारं वापरणारे दगड घडवणारे कामगार तपासले तेव्हा छिन्नी धरणाऱ्या डाव्या हाताची बोटं जास्त पांढरी पडताना दिसली होती. असं काम असेल तर डॉक्टरांना आवर्जून सांगा, ते विचारतीलच असं नाही.

इथवरचं एका ओळीत: तुमचं बहुधा साधं, प्रायमरी रेनॉड आहे, पण एकदा नखं आणि रक्त तपासून घ्या, आणि तोवर खालचं सगळं सुरू करायला काहीच हरकत नाही.

सकाळपासून सुरू करू. उपाशी पोटी निघू नका. खाल्लं की शरीर उष्णता तयार करतं, नुसत्या चहावर निघालेल्या माणसाकडे ती कमी असते. भाकरी, उपमा, डिंकाचा लाडू, काहीही चालेल. अंघोळ झाल्यावर केस ओले ठेवून निघू नका. आणि घरातून निघतानाच अंग गरम असायला हवं, म्हणजे स्वेटर, जॅकेट घरात घालायचं, पार्किंगमध्ये जाऊन नाही. निघायच्या आधी पाच मिनिटं घरातच जागच्या जागी चालणं, हात खांद्यातून गोल फिरवणं, एवढं केलं तरी बोटं गुलाबी होतात. ग्लोव्हज गरम हातावर चढवायचे, कारण ग्लोव्हज उष्णता तयार करत नाहीत, असलेली धरून ठेवतात. गार हातावर घातले की गारवाच कोंडून राहतो.

स्कूटरवर मी हे सांगते: आतून अंगाला चिकटून बसणारं थर्मल, वर स्वेटर, आणि सगळ्यात वर वारा न शिरणारं काहीतरी, विंडचीटर किंवा पावसाळ्यातलं रेनकोटचं जॅकेटसुद्धा चालेल. आपल्याकडे बायका उन्हासाठी जो सुती सनकोट घालतात त्यातून वारा आरपार जातो, तो थंडीत उपयोगाचा नाही. स्कार्फ सगळ्याच बांधतात, पण तो तोंडावर असतो आणि मानेपाशी फट राहते, म्हणून मफलर किंवा बंद गळ्याचं काहीतरी आत घाला. मनगट म्हणजे जिथे धमन्या अगदी कातडीखाली असतात, तिथे बाही आणि ग्लोव्हज यांच्यामध्ये दोन बोटं उघडी कातडी राहते आणि तिथूनच बोटांकडे जाणारं रक्त गार होतं. जुन्या लोकरी मोज्याचा पंजा कापून मनगटावर चढवा, खर्च शून्य. ग्लोव्हज एक साइझ मोठे घ्या, घट्ट ग्लोव्हज बोटं दाबतात आणि आत हवेचा थर राहत नाही. आत पातळ लोकरी किंवा सिल्कचे, बाहेर वारा अडवणारे, अशी जोडी उत्तम. हिवाळ्यात तिबेटी लोकांचे स्वेटरचे स्टॉल लागतात तिथे आतले लोकरी स्वस्तात मिळतात. सगळी बोटं एकत्र राहतात असे मिटन्स जास्त गरम असतात पण ब्रेक दाबता येत नाही, म्हणून स्कूटरवर नकोच. त्यापेक्षा हँडलवर चढवायची कव्हरं मिळतात, हात आत घालून चालवायचं, ती दिसायला कशीही असोत, वारा बोटांपर्यंत पोचूच देत नाहीत. फक्त ब्रेक आणि इंडिकेटर नीट हाताळता येतायत ना ते आधी सोसायटीतच फिरवून बघा. आणि शक्य असेल त्यांनी जानेवारीत एक तास उशिरा निघण्याची परवानगी मागा किंवा कॅब शेअर करा. जिथे बोटं इतकी सुन्न होतात की ब्रेक किती दाबलाय ते कळत नाही, तिथे हा प्रश्न आरोग्याबरोबर अपघाताचाही आहे. बोटं जडावली की डाव्या कडेला सुरक्षित जागी थांबा, हात काखेत घाला, रंग आला की मग निघा.

घरात सगळ्यात मोठा शत्रू पाणी. पाणी हवेपेक्षा सुमारे २५ पट वेगाने उष्णता ओढून घेतं, आणि सकाळी गच्चीवरच्या टाकीचं पाणी रात्रभर गारठलेलं असतं. भांडी, भाज्या, कपडे यासाठी कोमट पाणी किंवा रबरी ग्लोव्हज, आणि हात धुतले की लगेच पुसून कोरडे करायचे, बोटांच्या बेचक्यांतसुद्धा. फ्रीजमधली पीठं, दूध काढताना हातात रुमाल. आणि हे सांगितल्याशिवाय राहवत नाही, तुमच्याकडे भांडी घासायला ताई येत असतील तर त्यांनाही गीझरचं पाणी द्या. त्या सकाळपासून पाच-सहा घरचं तेच गार पाणी हाताळतात आणि त्यांची बोटं कोणी बघत नाही.

ऑफिसात एसीच्या झोताखालची जागा बदलून मागा, शाल किंवा जॅकेट कायम खुर्चीवर ठेवा, पायात मोजे घाला, कारण पाय गार पडले तरी बोटं आकसतात. गरम पाण्याचा मग दोन्ही हातांत धरून बसा. चहा-कॉफीचं माणसागणिक वेगळं असतं, काहींची बोटं कॉफीनंतर आणखी गार पडतात, तुम्ही दोन आठवडे कमी करून बघा. टेन्शनमध्येही वाहिन्या अशाच आकसतात, महत्त्वाच्या मीटिंगआधी एसी नसतानाही बोटं पांढरी पडली तर घाबरू नका, सावकाश श्वास सोडत बसा.

अटॅक आलाच तर: आधी गारव्यातून बाहेर या, ओलं काही असेल तर काढा, हात काखेत किंवा पोटाशी धरा, हात खांद्यातून जोरात गोल फिरवा म्हणजे रक्त टोकाकडे ढकललं जातं. पाणी घ्यायचं तर कोमट, कोपर बुडवून बघायचं, कोपराला सुखद वाटेल इतपतच. तुम्हाला कढत पाण्याने जास्त दुखतं ते याचमुळे, वाहिन्या एकदम उघडतात आणि ठणका वाढतो, शिवाय सुन्न बोटाला चटका कळत नाही. मधुमेह असणाऱ्यांनी तर कढत पाणी, हॉट वॉटर बॅग थेट कातडीवर अजिबात नाही, भाजल्याचं दुसऱ्या दिवशी फोड आल्यावर कळतं. गॅसच्या ज्योतीवर हात धरणंही तसंच. आणि कोळशाची शेगडी बंद खोलीत कधीही नको, त्याच्या विषारी वायूने झोपेत जीव जातो.

लसूण, आलं, तिळगूळ, बाजरी खुशाल खा, थंडीत जेवण चांगलं असावं, पण लसणाने वाहिन्यांचा हा स्वभाव बदलतो असं मी कधी पाहिलेलं नाही. तिळाच्या किंवा खोबरेल तेलाने मालीश केल्याने कातडी फुटत नाही, आणि फुटलेल्या कातडीतून इन्फेक्शन होतं म्हणून रात्री तेल किंवा व्हॅसलीन जरूर लावा. तेवढ्यासाठी ते उत्तम आहे.

हे सगळं करूनही आठवड्यातून बरेच अटॅक येत असतील आणि कामावर परिणाम होत असेल तर औषधं आहेत. ॲमलोडिपिन किंवा सावकाश काम करणारं निफेडिपिन, खरं तर बीपीची औषधं, वाहिन्या सैल करतात. बऱ्याच जणांचे अटॅक कमी होतात, पूर्ण जातीलच असं नाही. डोकं दुखणं, चेहरा तापणं, घोट्याला सूज, उठल्यावर चक्कर हे होऊ शकतं, आणि ज्यांचं बीपी मुळातच कमी असतं त्यांना जपून द्यावं लागतं. बऱ्याच जणांना मी ते नोव्हेंबर ते फेब्रुवारीपुरतंच देते. मेडिकलवाल्याची ती गोळी मात्र परत करा, निदान झाल्याशिवाय नको, आणि बाळाचा विचार असताना तर नाहीच.

बाळाबद्दल: प्रायमरी रेनॉडमुळे गरोदरपणाला अडचण येत नाही, उलट त्या काळात रक्ताचं प्रमाण वाढतं आणि वाहिन्या सैल होतात म्हणून बऱ्याच जणींना बरं वाटतं. पण ल्यूपस किंवा स्क्लेरोडर्मासारखं काही मागे असेल तर ते गरोदर राहण्याआधी कळणं फार गरजेचं, म्हणून तपासण्या याच हिवाळ्यात करून घ्या. अटॅक चालू असताना मोबाइलवर दोन्ही हातांचा फोटो काढा, पांढऱ्या भागाची कड दिसेल असा, कारण क्लिनिकमध्ये पोचेपर्यंत बोटं नेहमीसारखी झालेली असतात. आणि एक गोष्ट तुमच्या गायनॅकना आत्ताच सांगून ठेवा. रेनॉड असणाऱ्या काही जणींना बाळाला पाजताना स्तनाग्रांमध्येही हेच होतं, पाजून झालं की ती पांढरी पडतात आणि जळजळीत कळ येते, बऱ्याचदा ते बुरशीचं इन्फेक्शन समजून मलमं दिली जातात आणि बाई बिचारी पाजणंच सोडून देते. पाजल्यावर लगेच कोरडा गरम कपडा ठेवला आणि अंग झाकलेलं असलं तर त्यात खूप आराम पडतो, आणि गरज पडली तर निफेडिपिन स्तनपानातही डॉक्टरांच्या देखरेखीखाली दिलं जातं. तुमच्या फाइलवर पहिल्या व्हिजिटलाच 'रेनॉड' लिहून घ्या, म्हणजे त्या वेळी कारण शोधत बसावं लागणार नाही.